फोन रीसेट करूनही त्याला सगळं कळतंय: आधी वाट शोधा, मग ती बंद करा

तुमचं म्हणणं आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला काही चुकीचं कळलं असेल तर सांगता येईल. सहा महिन्यांपासून तुम्ही नवऱ्यापासून वेगळ्या, नाशिकला माहेरी राहता. घटस्फोटाचा आणि पोटगीचा अर्ज चालू आहे. मुलगी दर शनिवारी वडिलांकडे जाते आणि रविवारी संध्याकाळी परत येते. गाडी घेऊन ठाण्याला मावशीकडे निघालात, तेव्हा घोटीचा टोलनाका ओलांडल्यावर थोड्याच वेळात त्याचा मेसेज आला, "मुंबईकडे कशाला?" वकीलबाईंशी ठरलेला पोटगीचा आकडा आणि कोर्टाची पुढची तारीख त्याने तुम्हाला ऐकवली. स्कूटरवरून गंगापूर रोडला मैत्रिणीकडे गेलात, तेही त्याला कळलं. स्वयंपाकघरात आईशी बोललेलं एक वाक्य त्याने जसंच्या तसं म्हणून दाखवलं. फोन पूर्ण रीसेट केलात तरी फरक पडला नाही. दुकानदार नवा फोन घ्या म्हणतो, भाऊ छुपी उपकरणं शोधायचा डिटेक्टर मागवतोय, आणि फोनमधलं स्पायवेअर (गुपचूप नजर ठेवणारं अ‍ॅप) कसं शोधायचं, कसं काढायचं, हे तुम्ही विचारताय.

मी बारा वर्षं डिजिटल फॉरेन्सिकचं, म्हणजे फोन-संगणकातून पुरावा शोधायचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या कामात नवरा-बायकोच्या वादातले फोन पुष्कळ असतात. तुमचा संशय खोटा आहे असं मला अजिबात वाटत नाही. पण एवढ्या सगळ्या गोष्टी एकाच स्पायवेअरमधून जात असतील असंही वाटत नाही. तुम्ही सांगितलेल्या चार प्रसंगांच्या बहुधा चार वेगळ्या वाटा आहेत, आणि त्यातल्या दोन-तीन तर फोनच्या बाहेरच्या आहेत. म्हणून रीसेट करून काही झालं नाही, आणि नवा फोन घेऊनही होणार नाही.

त्याआधी एक गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची आहे. काहीही सापडलं तर लगेच काढू नका. पाळत ठेवणाऱ्याला रोज माहिती मिळायची सवय झालेली असते. ती एका दिवसात थांबली की तुम्हाला कळलंय हे त्यालाही कळतं, आणि काही माणसं त्या दिवशी दारात येऊन उभी राहतात. त्याने पूर्वी हात उचलला असेल, धमकी दिली असेल, तर आधी भाऊ, वकील आणि जवळचं पोलीस ठाणं यांच्याशी बोलून ठेवा. १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे, तातडीसाठी ११२. वाटा बंद करायचं काम त्यानंतर. आणि ही सगळी शोधाशोध, वकिलांशी त्याबद्दलचं बोलणं, तुमच्या रोजच्या फोनवरून करू नका. भावाचा किंवा मैत्रिणीचा फोन वापरा, ज्याला तुमच्या नवऱ्याचा कधी हात लागलेला नाही असा.

आता प्रसंग एकेक करून बघू. एक वही घ्या. त्याने काय बोलून दाखवलं, कधी, आणि ती गोष्ट कुठे कुठे होती (फोनवर, मेलमध्ये, गाडीत, घरात) हे तारीखवार लिहा. पंधरा दिवसांची अशी वही मला कुठल्याही यंत्रापेक्षा जास्त सांगते. फक्त जागा कळते आणि बोलणं कळत नाही, तर ट्रॅकर किंवा लोकेशन शेअरिंग. मेसेजमधले शब्द कळतात, तर कुठेतरी दुसरीकडे तुमचं व्हॉट्सअ‍ॅप किंवा मेल उघडं आहे. समोरासमोरचं बोलणं कळतं, तर खोलीत एखादं उपकरण किंवा एखादं माणूस.

टोलनाक्यापासून सुरू करते, कारण ती वाट सोपी आहे. गाडी लग्नानंतर घेतलेली आणि त्याच्या नावावर आहे, असं तुम्ही लिहिलंय. मग फास्टॅगही त्याच्या नंबरला जोडलेला असणार. घोटीला पैसे कापले गेले की नाक्याच्या नावासकट मेसेज त्याच्याच फोनवर जातो. यात हेरगिरीचं काही सॉफ्टवेअर नाही, कुणी काही बसवलेलंही नाही. असेच बाकीचे धागे तपासा. तुमच्या डेबिट कार्डाचे मेसेज कुठल्या नंबरवर जातात? खातं संयुक्त आहे का? ऑनलाइन खरेदीचं, टॅक्सीचं, जेवण मागवायचं खातं दोघांचं एकच आहे का? त्यात तुमचा माहेरचा पत्ता आणि प्रत्येक फेरी दिसते. तुमचं सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे? त्याच्या नावावर पोस्टपेड असेल तर कुणाला किती मिनिटं फोन केला याचं तपशीलवार बिल तो हक्काने मागवू शकतो, आणि स्वतःचं ओळखपत्र दाखवून डुप्लिकेट सिमही काढू शकतो. ओटीपीच्या या दिवसांत सिम दुसऱ्याच्या नावावर असणं म्हणजे घराची किल्ली दुसऱ्याकडे असणं. स्वतःच्या आधारवर नवा नंबर घ्या आणि बँक, मेल हळूहळू त्यावर न्या.

वकीलबाईंच्या बोलण्याचं बघू. यातली कोर्टाची तारीख बाजूला ठेवा. तो पक्षकार आहे, पुढची तारीख त्याला ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर दिसतेच. पोटगीचा आकडा मात्र गुप्त होता. तो आकडा फक्त फोनवर बोललात, की वकीलबाईंनी मसुदा मेलवर पाठवला होता? मेलवर पाठवला असेल तर माझं पहिलं बोट तुमच्या गूगल खात्याकडे जाईल. रीसेट केल्यावर फोन सुरू करताना तुम्ही तोच जुना जीमेल टाकलात ना? ते खातं मुळात कुणी उघडून दिलं होतं?

हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते. फोन घेतला त्या दिवशी दुकानात उभं राहून नवऱ्याने खातं उघडून दिलं, पासवर्ड त्यानेच ठरवला, रिकव्हरीला (पासवर्ड विसरल्यावर कोड येतो तो) नंबर स्वतःचा टाकला, हे इतक्या वेळा ऐकलंय की आता उत्तराआधीच कळतं. रीसेट केल्याने नेहमीच्या प्रकारचं स्पायवेअर जवळजवळ नेहमीच जातं. पण खातं फोनमध्ये नसतंच, ते गूगलकडे असतं. ज्याच्याकडे त्याचा पासवर्ड आहे त्याला मेल, फोटो, संपर्क, कॅलेंडर आणि फोन आत्ता कुठे आहे हे सगळं घरबसल्या दिसतं. त्यासाठी तुमच्या फोनला हात लावावा लागत नाही. रीसेटनंतरही माहिती जातेय, याचा पहिला अर्थ मी हाच लावते.

खात्याच्या 'सुरक्षा' या पानावर तुमची सगळी उपकरणं दिसतात. जुन्या घरातला संगणक, ज्यावरून तुम्ही कधीच लॉगआउट केलं नव्हतं, तो तिथे आहे का बघा. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फॉरवर्डिंग आणि फिल्टर्स उघडा. मेल आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारी एक ओळ वर्षानुवर्षं तिथे पडून राहते आणि पासवर्ड बदलला तरी ती जात नाही. मॅप्समधलं लोकेशन शेअरिंग आणि फोटोंमधलं पार्टनर शेअरिंगही बघा. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडा. एका खात्याला चार उपकरणं जोडता येतात, आणि फोन पाच मिनिटं हातात मिळाला तरी कुणीही एक जोडू शकतो. प्रत्येक ठिकाणी जे दिसेल त्याचा भावाच्या फोनने फोटो काढा, तारीख-वेळ दिसेल असा. अजून काही काढू नका.

एक बारकी गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. रिकव्हरीचा नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस गूगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. म्हणजे आज बदललंत आणि आजच वकीलबाईंना सगळं लिहून टाकलंत, असं करू नका. त्यापेक्षा भावाच्या फोनवरून एक कोरं नवं मेल खातं उघडा, नव्या नंबरवर, आणि वकिलांशी यापुढे फक्त त्यावरून बोला. जुनं खातं चालू राहू द्या. त्यात भाजीची यादी आणि शाळेच्या सूचना येत राहिल्या तर काही बिघडत नाही, उलट त्याला लगेच शंका येत नाही.

आता फोनमधलं खरंखुरं स्पायवेअर. ते असतं, आणि बसवायला फार हुशारी लागत नाही. फोन हातात, लॉक माहीत आणि थोडा वेळ, इतकं पुरतं. अँड्रॉइडवर ते स्वतःचं चित्र लपवतं किंवा 'सिस्टिम सर्व्हिस', 'सिंक', 'वायफाय' अशा साळसूद नावाने बसतं. म्हणून अ‍ॅपच्या यादीत डोकावून उपयोग नाही, परवानग्या बघायच्या. दुसऱ्याचे मेसेज वाचायला आणि स्क्रीन पाहायला कुठल्याही अ‍ॅपला काही खास दारांतूनच जावं लागतं: अ‍ॅक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस, डिव्हाइस अ‍ॅडमिन, युसेज अ‍ॅक्सेस. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ही नावं टाका. प्रत्येक ठिकाणी परवानगी चालू असलेली नावं सहसा थोडीच असतात. त्यात तुम्ही न ओळखणारं काही चालू असेल तर थांबा आणि फोटो काढा. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' (घातक अ‍ॅप्स पकडणारी तपासणी) बंद असेल, आणि ब्राउझरला किंवा फाइल मॅनेजरला 'अननोन अ‍ॅप्स' टाकायची परवानगी दिलेली असेल, तर कुणीतरी बाहेरून काहीतरी टाकल्याची ती चांगली खूण आहे. अँड्रॉइड १२ पासून वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो, म्हणजे कॅमेरा किंवा माइक चालू आहे. प्रायव्हसी डॅशबोर्डवर गेल्या २४ तासांत कॅमेरा आणि माइक कुठल्या अ‍ॅपने वापरला, हेही कळतं. आयफोन असेल तर 'व्हीपीएन आणि डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये अनोळखी प्रोफाइल आहे का बघा. २०२२ च्या आयओएस १६ पासून 'सेफ्टी चेक' आहे. कुणाला काय दिसतंय ते सगळं एका जागी दाखवतं. त्यातलं 'इमर्जन्सी रीसेट' मात्र सगळं शेअरिंग एका फटक्यात तोडतं, ते इतक्यात दाबू नका.

फोन गरम होतो, बॅटरी लवकर उतरते, यावरून काही ठरवू नका. तीन वर्षं जुन्या फोनची बॅटरी उतरतेच. 'स्टार हॅश २१ हॅश' दाबलं की फोन टॅप होतोय का ते कळतं, असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. त्या कोडने फक्त कॉल फॉरवर्डिंग चालू आहे का एवढंच कळतं. तेही फोनच्या कॉल सेटिंग्जमध्ये थेट बघता येतं. (फॉरवर्डिंगचा गैरवापर खरा आहे. त्याच कारणाने दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून कोड दाबून फॉरवर्डिंग चालू करायची सोय थांबवायला सांगितली होती.) आणि पेगासस तुमच्या फोनमध्ये असेल ही भीती सोडून द्या. ते सरकारांना विकलं जाणारं, अतोनात महाग साधन आहे. पेगाससच्या आरोपांवरून सर्वोच्च न्यायालयाच्या तज्ज्ञ समितीने २९ फोन तपासले. पाचांत काहीतरी मालवेअर (घातक सॉफ्टवेअर) सापडलं, पण ते पेगाससच आहे असं ठामपणे सांगता आलं नाही. हे लक्षात ठेवा, म्हणजे दोन हजारांत 'शंभर टक्के तपासणी' करून देणाऱ्या दुकानाकडे तुम्ही जाणार नाही.

स्कूटरसाठी मात्र मला हाताने शोधलेलं आवडतं. मागच्या वर्षी एकीची स्कूटर आम्ही अंगणात उभी करून पुढचं पॅनेल उघडलं. आत तारांचा जुडगा, त्यावर दोन पावसाळ्यांचा चिखल वाळलेला. त्यातल्या लाल आणि काळ्या अशा दोन तारांवर मात्र इन्सुलेशन टेप नवी, चकचकीत, धुळीचा कण नाही. त्या तारा धरून बोट मागे नेलं तर बॅटरीच्या मागे काड्यापेटीएवढा काळा डबा दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळलेला होता. आत सिमकार्ड. शोधायला वीस मिनिटं लागली आणि साधन एकच, स्क्रूड्रायव्हर. त्याच्या आधी तिने तीन महिने फोन बदलत काढले होते. तुमच्या ओळखीच्या मेकॅनिकला बॅटरीवरून निघणाऱ्या तारा एकेक करून बघायला सांगा, सीटखालची डिकी आणि मागचा मडगार्डही. गाडीत डॅशबोर्डच्या खाली, स्टिअरिंगजवळ ओबीडीचं (मेकॅनिक गाडीतले बिघाड तपासायला यंत्र जोडतात ते) सॉकेट असतं, त्यात काही खोचलंय का बघा. लोहचुंबकाने चिकटणारे ट्रॅकर बंपरच्या आत आणि चाकांच्या वर असतात.

हरवलेल्या वस्तू शोधायचे, एअरटॅगसारखे ब्लूटूथचे बिल्ले वेगळे. अँड्रॉइड फोन आता 'अननोन ट्रॅकर' म्हणून सूचना देतो आणि सेटिंग्जमधून हाताने स्कॅनही करता येतं. एअरटॅग सापडला तर एनएफसी (टेकवून माहिती वाचायची सोय) असलेला फोन त्याला टेकवा. त्याचा अनुक्रमांक दिसतो, मालकाच्या फोन नंबरचे शेवटचे आकडेही दिसू शकतात. त्या पानाचा फोटो म्हणजे तुमचा पुरावा. पण सिमवाला ट्रॅकर या स्कॅनमध्ये कधीच दिसत नाही, हे ध्यानात ठेवा.

भावाने मागवलेल्या डिटेक्टरबद्दल. ते यंत्र रेडिओलहरी पकडतं. घरातला राउटर, शेजाऱ्याचा राउटर, तुमचे चार फोन, सगळ्यांवर ते वाजणार. सिमवाला ट्रॅकर गाडी उभी असताना झोपलेला असतो, तेव्हा ते गप्प. मेमरी कार्डावर साठवणारा कॅमेरा किंवा आवाज टिपणारा पेनड्राइव्ह काहीच प्रक्षेपित करत नाही, तिथेही गप्प. म्हणजे जिथे वाजायला हवं तिथे वाजत नाही आणि नको तिथे वाजतं. पैसे परत मिळत असतील तर घ्या. खोलीत कॅमेऱ्याचा संशय असेल तर रात्री दिवे बंद करा, टॉर्च डोळ्याच्या रेषेत धरून सावकाश फिरवा, भिंग असेल तिथे बारीक ठिणगीसारखी चमक येते. एक्स्टेंशन बोर्ड, चार्जर, घड्याळ, सेटटॉप बॉक्स या वीज मिळणाऱ्या वस्तू आधी बघा. त्यातली कुठली तुमच्या घरात कुणी 'असू दे' म्हणून आणून ठेवली?

सगळं पाहून झालं आणि तुमची सुरक्षेची सोय झाली की बंद करायचा क्रम असा ठेवा. आधी नवं सिम आणि नवं मेल. मग बँकेचा नंबर बदला. त्यानंतर जुन्या गूगल खात्यावर रिकव्हरी नंबर आणि पर्यायी मेल, मग पासवर्ड, मग बाकीच्या उपकरणांवरून लॉगआउट, मग टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी पडताळणी). हा क्रम उलटा केलात तर 'पासवर्ड विसरलो' दाबून तो पुन्हा आत येतो. व्हॉट्सअ‍ॅपला सहा आकडी पिन लावा, तिथली अनोळखी उपकरणं काढा. फोनमध्येच काही सापडलं असेल तर तो फोन रीसेट करू नका. बंद करून पाकिटात ठेवा आणि वापरायला साधा दुसरा घ्या. फास्टॅगचं काय करायचं ते वकीलबाईंना विचारा, गाडी त्याच्या नावावर आहे तोवर तुम्हाला ते एकटीने बदलता येणार नाही.

पाकिटात ठेवायचं कारण कायदा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये, स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर नजर ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा. कलमात 'कोणताही पुरुष' असे शब्द आहेत, नवऱ्याला त्यातून वगळलेलं नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमध्ये शिरण्यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ४३ आणि ६६ आहेत. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा ठसा) असते. मूळ उपकरण आणि मूळ फाइल जितकी कमी हाताळलेली, तितकं ते सोपं. ट्रॅकर सापडला तर तो जागेवरच असू द्या आणि पोलिसांसमोर पंचनामा करून काढा. तक्रार सायबर पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते.

एका बातमीने तुम्ही घाबरला असाल. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने नवरा-बायकोमधल्या फोनचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालू शकतं, असा निकाल दिला. तो पुरावा स्वीकारण्यापुरता आहे. तुमच्या आणि तुमच्या वकिलांच्या बोलण्यावर नजर ठेवायची मुभा त्यातून मिळत नाही. तुमच्या खटल्यात त्याचा नेमका काय परिणाम होईल ते वकीलबाईच सांगू शकतील, माझं काम यंत्रापर्यंतचं. रागाच्या भरात तुम्हीही त्याच्या खात्यात डोकावू नका. तो पुरावा तुमच्यावरच उलटेल.

राहिलं स्वयंपाकघरातलं वाक्य. मला सगळ्यात जास्त त्याचीच काळजी वाटते, कारण खातं, फास्टॅग किंवा गाडीतला ट्रॅकर, यातल्या कुठल्याच वाटेने ते जाऊ शकत नाही. तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलीला त्याने एक टॅब घेऊन दिलाय, ती तो शनिवारी नेते आणि रविवारी परत आणते. त्यावर कुणाचं खातं आहे? आईशी बोललात तेव्हा तो ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर कुठे होता? पालकांसाठीची देखरेखीची अ‍ॅप्स मुलांच्या उपकरणात राजरोस टाकता येतात, आणि त्यातली काही आजूबाजूचा आवाजही ऐकवतात. मुलीला यातलं काही विचारू नका, तिचा यात काही दोष नाही आणि तिने ते शनिवारी तिकडे बोलून दाखवणं तिच्यासाठीही वाईट. रविवारी टॅब आला की 'चार्जिंगला लावते' म्हणून दुसऱ्या खोलीत ठेवा आणि दार लावून घ्या. दोन आठवडे असं करा, वहीत लिहा, आणि त्या दिवसांतलं काही तो बोलून दाखवतो का ते मला कळवा.